यकृत मेदप्रथिने ‘उत्सर्जित’ करते काय?

प्रश्न असा आहे : जीवशास्त्राच्या एका मराठी पाठात ‘यकृत मेदप्रथिने तयार करून त्यांचे रक्तात उत्सर्जन करते’ असे वाक्य आले आहे, ते बरोबर आहे, की तेथे ‘स्राव’ हवा? (मेदप्रथिने म्हणजे मेद व कोलेस्टेरॉल रक्तातून वाहून नेणारे, मेद आणि प्रथिने यांचे कण.)

‘स्राव’ हवा. ‘उत्सर्जन’ हा शब्द येथे चूक आहे, आणि आरोग्यविषयक लेखांत व व्याख्यानांत ही चूक इतकी बोकाळली आहे की ‘यकृत कोलेस्टेरॉल उत्सर्जित करते’ हे ऐकून श्रोता नेमका उलटा अर्थ घेतो : शरीरातले तेवढे कोलेस्टेरॉल गेले. शरीरशास्त्रात स्राव म्हणजे पेशीने घडवलेले कामाचे द्रव्य बाहेर सोडणे, आणि उत्सर्जन म्हणजे नको असलेले द्रव्य शरीराबाहेर टाकणे. मूत्रपिंडे उत्सर्जन संस्थेत मोडतात ती त्यामुळेच. मेदप्रथिन मात्र यकृताने मुद्दाम घडवलेले असते. यकृतपेशीतील रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने जोडणाऱ्या सूक्ष्म यंत्रावर, एपोबी-१०० या ४,५३६ अमिनो आम्लांच्या लांबलचक प्रथिनाची साखळी विणली जात असतानाच, आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतील पटलांच्या जाळ्यात) एमटीपी नावाचे दुसरे प्रथिन तिच्यावर मेद चढवू लागते. मेद पुरेसा मिळाला नाही तर पेशी ती साखळी तेथेच मोडून टाकते. मिळाला, तर ट्रायग्लिसराइड या मेदाने गच्च भरलेला व्हीएलडीएलचा (अतिकमी घनतेच्या मेदप्रथिनाचा) कण तयार होतो, गॉल्गी संकुल या पेशीच्या पाठवणी-केंद्रातून पुढे सरकतो, आणि त्याला वाहणारी पिशवी प्रद्रव्यपटलाशी, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या आवरणाशी, एकजीव होऊन कण केशिकेच्या बाजूला मोकळा होतो.

यावर काही परिभाषाकारांचा आक्षेप असा की, स्राव द्रवाचाच होतो आणि हा तर कण आहे. तसे असेल तर इन्सुलिनच्या रेणूंचाही स्राव म्हणता येणार नाही, आणि तो तर हेच परिभाषाकार बिनदिक्कत म्हणतात. त्यांचा दुसरा युक्तिवाद, ‘सृज् म्हणजे सोडणे, म्हणून उत्सर्जन म्हणजे नुसते बाहेर सोडणे’, हा अर्धवट व्याकरणाचा नमुना आहे. उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे नेतो, हे प्रहार, आहार, संहार, विहार यांच्या उदाहरणाने संस्कृतच्या पहिल्या वर्गात शिकवले जाते. प्रकाशाचे किंवा कार्बनचे उत्सर्जन पदार्थविज्ञानात आणि पर्यावरणशास्त्रात खुशाल चालावे. शरीराच्या संदर्भात मलोत्सर्गाशी जोडलेला अर्थ पुसता येत नाही.

मात्र ‘सृज्’ हा मूळ धातू अपूर्व आहे. सोडणे आणि निर्माण करणे हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. ऋग्वेदात इंद्र सात नद्या वाहण्यासाठी मोकळ्या सोडतो, तेथे ‘अव’ उपसर्गासह याच धातूचे ‘अवासृजः’ हे क्रियापद आहे. आणि ‘सृष्टी’ हा शब्दही याच धातूचा. माझे तर ठाम मत आहे की आपल्या पूर्वजांना निर्मिती म्हणजे स्वतःतून बाहेर सोडणेच वाटत होते. मुंडकोपनिषदातला कोळी पाहावा : ‘यथोर्णनाभिः सृजते गृह्णते च’. तो आपल्यातूनच धागा काढतो आणि परत घेतो. यकृताच्या कामाचे याहून नेमके वर्णन मला कोठे आढळलेले नाही. रक्तात गेलेल्या व्हीएलडीएलमधील ट्रायग्लिसराइड स्नायूंच्या व मेदऊतींच्या केशिकांत काढून घेतले जाते, उरलेल्या कणांपैकी काहींचे एलडीएल (कमी घनतेचे मेदप्रथिन) होते, आणि त्या एलडीएलचा मोठा वाटा यकृतच पुन्हा उचलते. ज्या ग्राहींच्या, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील पकडणाऱ्या प्रथिनांच्या, साहाय्याने ते उचलले जाते त्यांच्या शोधाबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ‘ग्राही’ हा शब्द ‘ग्रह्’ धातूचा, म्हणजे त्या मंत्रातल्या ‘गृह्णते’चाच. सृजन आणि ग्रहण ही जोडी मराठी परिभाषेने आजवर उचलली कशी नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

पाठाच्या संपादकांनी ‘रक्तात स्रवते’ असा बदल करावा. त्याच यकृतपेशीचा दुसरा पृष्ठभाग पित्तनलिकेकडे उघडतो, आणि तेथून कोलेस्टेरॉल पित्तात जाते. तेथे ‘उत्सर्जन’ लिहिण्याला आधार आहे. तरीही त्यातले बरेचसे कोलेस्टेरॉल आतड्यातून परत शोषले जात असल्यामुळे, तो शब्द शौचावाटे प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या भागापुरताच वापरणे अधिक काटेकोर होईल.