झाड मे महिन्यात पडले, मुदत नोव्हेंबरात संपते

पुण्याच्या सहकारनगरमधील एका वाचकांचे 1 ऑक्टोबरचे पत्र माझ्यासमोर आहे. पावसाळा संपता संपता अशी पत्रे दरवर्षी येतात, म्हणून हे उत्तर एकाला असले तरी अनेकांनी वाचावे. 20 मे रोजी संध्याकाळी वळवाच्या वादळात रस्त्याच्या कडेचा मोठा पर्जन्यवृक्ष उन्मळून त्यांच्या बंगल्याच्या आवारात पडला. कुंपणाची भिंत कोसळली आणि आत उभी असलेली मोटार दबली. अग्निशमन दलाने त्याच रात्री फांद्या कापून रस्ता मोकळा केला, पण आवारातले खोड तसेच राहिले. उद्यान विभागाच्या कर्मचाऱ्याने खासगी जागेतले लाकूड मालकानेच उचलायचे असते असे तोंडी सांगितले, तेव्हा वाचकांनी 22,000 रुपये खर्चून ते कापून घेतले. ओंडके वखारवाल्याने नेले आणि त्यांची किंमत मजुरीतून वळती केली. जूनमध्ये त्यांनी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात भरपाईसाठी अर्ज दिला, त्याला अद्याप उत्तर नाही. त्यांचे प्रश्न तीन आहेत: खर्च आणि नुकसान कोणाकडून मागायचे, आवारातला झुकलेला गुलमोहर तोडता येईल का, आणि दाव्यासाठी तीन वर्षे मिळतात असे मेहुणे सांगतात ते बरोबर आहे का.

शेवटचा प्रश्न आपण जाता जाता विचारला आहे, पण बाकीचे सगळे त्यावरच अवलंबून असल्याने त्याचे उत्तर आधी देते. तीन वर्षांची मुदत मुदतीच्या कायद्यातील सर्वसाधारण अनुच्छेदाची आहे आणि शेजाऱ्याविरुद्धच्या दाव्यात ती कदाचित आपल्याला लागूही पडली असती. येथे मात्र झाड महापालिकेच्या रस्त्यावरचे आहे आणि आपली तक्रार महापालिकेने ते सांभाळले नाही अशी आहे. अशा तक्रारीसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 मधील कलम 487 पाहावे लागते. या अधिनियमाच्या अंमलबजावणीतील हयगयीबद्दल महापालिकेवर दावा करायचा असेल, तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, ती दिल्यावर एक महिना थांबावे लागते आणि दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. कारण 20 मे रोजी घडले, तेव्हा सहा महिने 19 नोव्हेंबरला संपतात असे धरून चालावे. त्यातून नोटिशीचा महिना वजा केला, तर नोटीस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पोचायला हवी, आणि हे उत्तर आपण वाचत असाल तेव्हा त्यातलेही काही दिवस गेलेले असतील.

नोटिशीचा महिना मुदतीतून वगळावा असा युक्तिवाद मुदतीच्या कायद्यातील कलम 15 च्या आधारे करता येतो आणि तो कमकुवत नाही. झाडांची देखभाल हा वृक्षसंरक्षणाच्या वेगळ्या कायद्याचा विषय असल्याने कलम 487 येथे लागूच होत नाही, असेही म्हणता येईल. तसे ठरले तरी मग एक वर्षाचा अनुच्छेद लागू होतो की तीन वर्षांचा, यावर नवा वाद उभा राहील. ज्याची मुदत टळून गेली आहे त्याच्या वकिलाने हे सगळे युक्तिवाद जरूर करावेत. ज्याच्या हातात अजून काही आठवडे आहेत त्याने त्यांच्या भरवशावर राहणे म्हणजे आपल्या दाव्याचा पहिला मुद्दा स्वतःच प्रतिवादीला बहाल करणे होय. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज करू, असेही पुष्कळजण गृहीत धरतात. ती सवलत अपिलांना आणि अर्जांना आहे, मूळ दाव्याला नाही. मुदत संपल्यानंतर आलेला दावा न्यायाधीशांना कितीही सहानुभूती वाटली तरी फेटाळावाच लागतो.

आता आपला जूनमधला अर्ज पाहू. ती नोटीस झाली असे आपल्याला वाटते, पण मला तसे वाटत नाही. कलमाला नोटीस महापालिकेच्या मुख्य कार्यालयात ठेवलेली हवी आहे, आणि आपला अर्ज क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक खिडकीवर दिलेला आहे. कलमाला दाव्याचे कारण पुरेशा तपशिलाने सांगितलेले हवे आहे. आपल्या अर्जात मात्र ‘झाड पडून अतोनात नुकसान झाले, तरी योग्य ती भरपाई मिळावी ही नम्र विनंती’ एवढे एकच वाक्य आहे. रक्कम नाही, तारीख नाही, महापालिकेने काय करायला हवे होते आणि काय केले नाही याचा उल्लेखही नाही. दावा करण्याचा इरादा तर दूरच राहिला. पुण्यात विनंतीअर्ज देऊन महिनोन्‌महिने उत्तराची वाट पाहण्याची जी सवय आहे, तिने जितके दावे मुदतबाह्य केले आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कशाने केले असतील. अर्जाला उत्तर न देण्याने महापालिकेचे काहीही बिघडत नाही, कारण मुदत आपली चाललेली असते.

म्हणून नोटीस नव्याने द्यावी. शिवाजीनगर येथील महापालिका भवनातील आवक विभागात ती स्वतः देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. एक प्रत आयुक्तांच्या नावे टपालाने पोच मागवून पाठवावी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 चा मथळा घालून दोन महिन्यांची मुदत देण्याची चूक करू नये. ते कलम शासनाविरुद्धच्या दाव्यांसाठी आहे, आणि ते दोन महिने आपल्याकडे शिल्लकही नाहीत.

नोटिशीत काय लिहायचे ते स्थळापेक्षाही महत्त्वाचे आहे, कारण याच कलमात आणखी एक अट आहे. जे कारण नोटिशीत मांडलेले नाही त्याचा पुरावा सुनावणीत देता येत नाही. पुढे साक्षीच्या वेळी आठवलेली गोष्ट, ती कितीही खरी असली तरी, तेथे चालत नाही. आणि आपल्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट जूनच्या अर्जात आलेलीच नाही. ती मला आपण पत्रासोबत पाठवलेल्या दोन छायाचित्रांत सापडली.

पहिल्या छायाचित्रात दबलेली मोटार आहे. दुसऱ्यात उताणा पडलेला मुळांचा गड्डा दिसतो. बंगल्याच्या बाजूची मुळे लांब, फाटलेली, माती धरून राहिलेली आहेत. रस्त्याच्या बाजूची मुळे मात्र एका सरळ रेषेत तुटली आहेत, त्यांची टोके कापल्यासारखी सपाट आहेत आणि त्यांतल्या एकाला पेव्हिंग ब्लॉकचा तुकडा अजून चिकटलेला आहे. पत्राच्या शेवटी आपणच लिहिता की फेब्रुवारीत पदपथासाठी खोदाई झाली, त्यानंतर झाड किंचित कलले, आणि आपण व शेजाऱ्यांनी उद्यान विभागाच्या माणसाला ते तोंडी सांगितले होते. ही माहिती आपण पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायला हवी होती.

वादळात झाड पडले तर महापालिका ‘दैवी आपत्ती’ हा बचाव घेणार हे ठरलेले आहे, आणि निरोगी झाडाच्या बाबतीत तो बऱ्याचदा टिकतो. याच प्रकारच्या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळे निकाल दिले आहेत. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात रस्त्यावरचे झाड अचानक पडून एका नागरिकाचा मृत्यू झाला. झाड धोकादायक असल्याचे पालिकेला माहीत होते किंवा माहीत असायला हवे होते हे सिद्ध न झाल्याने 1997 मध्ये पालिकेला जबाबदार धरले गेले नाही. दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात स्कूटरवरून जाणाऱ्या गृहस्थांवर फांदी कोसळली होती. ते झाड वाळलेले, पाहताक्षणी धोकादायक दिसणारे होते, त्यामुळे 1999 मध्ये पालिकेला भरपाई द्यावी लागली. झाडाच्या अवस्थेची जाणीव पालिकेला होती का आणि ती पडण्याआधी होती का, हाच या दोन निकालांतला फरक आहे. आपल्या प्रकरणात मुळे कापणारा ठेकेदार महापालिकेचा असेल, तर जाणिवेचा प्रश्न बराचसा सुटतो, कारण धोका तिच्याच कामाने निर्माण केला असे म्हणता येते. ठेकेदार महापालिकेचा होता की केबल किंवा गॅसवाहिनीच्या एखाद्या कंपनीचा, हे आपल्या पत्रावरून कळत नाही. तो कंपनीचा असेल तर त्या कंपनीलाही प्रतिवादी करावे लागेल आणि वर सांगितलेला सगळा हिशेब तिच्यापुरता बदलेल.

दिल्लीतला तो अपघात 1964 मधला होता आणि अखेरचा निकाल 1999 मधला. पस्तीस वर्षे! आपल्या दाव्याला इतका काळ लागेल असे मी म्हणत नाही, पण शिवाजीनगरच्या न्यायालयात प्रतिवादीचे उत्तर, म्हणजे लेखी कैफियत, दाखल व्हायला किती तारखा जातात हे तेथे एकदा गेलेल्यालाही माहीत असते. पुढचा वेळ न्यायालयाच्या हातात आहे, म्हणून आपल्या हातातले सहा आठवडे तरी वाया जाऊ नयेत. उच्च न्यायालयात थेट रिट याचिका करावी असेही कोणी सुचवतील. मोटारीच्या आणि भिंतीच्या नुकसानीसाठी, जेथे वस्तुस्थितीबद्दलच वाद आहे, तेथे बहुधा दिवाणी न्यायालयाकडेच बोट दाखवले जाईल आणि मधल्या काळात मुदत टळलेली असेल.

फेब्रुवारीतील तोंडी तक्रारीचे आता काही करता येत नाही. शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे घेऊन ठेवावीत. त्यांच्यापैकी कोणी महापालिकेच्या मोबाइल ॲपवर तक्रार टाकली होती का हे विचारावे, कारण टोकन क्रमांक मिळाला तर तो दहा साक्षीदारांपेक्षा वजनदार ठरेल. माहितीच्या अधिकाराखाली आजच अर्ज करून त्या रस्त्यावरील पदपथाच्या कामाचा कार्यादेश, त्या झाडाबद्दलच्या तक्रारी आणि वृक्षगणनेतील त्या झाडाची नोंद मागावी. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याचे बंधन कायद्यानेच घातलेले आहे, तेव्हा नोंद नसली तरी ती नाही हे उत्तरही उपयोगी पडेल. माहितीसाठी तीस दिवस लागतील, पण त्यासाठी नोटीस थांबवू नये. अग्निशमन दलाकडून त्या रात्रीच्या वर्दीचा दाखला घ्यावा. झाडपडीची तारीख, वेळ आणि जागा यांचा तोच सर्वांत तटस्थ पुरावा आहे.

सफाईच्या खर्चाबद्दल माझे उत्तर सावध आहे. झाड महापालिकेचे असेल तर आवारातले लाकूडही तिचेच, आणि ते उचलण्याची जबाबदारीही तिचीच असे म्हणायला आधार आहे. ‘खासगी जागा, मालकाने उचलावे’ हे कर्मचाऱ्याचे तोंडी वाक्य कोणत्या नियमावर आधारलेले आहे ते नोटिशीत विचारावे. परंतु आपण पंचनामा न करता, ओंडक्यांचे माप न घेता आणि पावतीशिवाय ते वखारीत जाऊ दिले, त्यामुळे आमच्या लाकडाची किंमत वजा करा असे महापालिका म्हणू शकते. म्हणून वखारवाल्याकडून किती लाकूड नेले आणि किती रक्कम वळती केली हे लिहून घ्यावे, आणि नोटिशीत ते आपण होऊन सांगावे. आपण लपवलेले त्यांनी उलटतपासणीत काढले, तर 22,000 रुपयांपेक्षा बरेच जास्त नुकसान होईल.

विम्याचा उल्लेख पत्रात ओझरता आहे. मोटारीची पॉलिसी केवळ तृतीय पक्षाची असेल तर त्यातून काहीही मिळणार नाही. सर्वसमावेशक असेल तर वादळाने झालेले नुकसान तिच्यात सामान्यतः येते. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी असेल, तर वादळाबरोबरच राडारोडा हटवण्याचा खर्चही दाव्याच्या दोन टक्क्यांपर्यंत मिळू शकतो. पाच महिन्यांनी आणि दुरुस्तीनंतर गेलेल्या दाव्याकडे सर्वेक्षक कसे पाहील हे सांगण्याची गरज नाही. तरी कळवावे, आणि मिळालेली रक्कम महापालिकेकडे पुन्हा मागू नये.

आता गुलमोहराविषयी. आपल्या जमिनीवरचे, आपण लावलेले झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात तोडण्याच्या व्याख्येत जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते. वादळाने पडलेल्या किंवा जीविताला व मालमत्तेला धोकादायक झालेल्या झाडाला परवानगी नाकारायची नाही असे कायदा म्हणतो, पण अर्ज करावाच लागतो. झुकलेले जिवंत झाड आणि पडलेले झाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मे महिन्यात ज्याने खोड कापले त्यालाच बोलावून रविवारी गुलमोहर उतरवायचा विचार आपण पत्रात मांडला आहे, तो सोडून द्यावा. महापालिकेवर दावा लावायला निघालेल्या माणसाविरुद्ध त्याच महापालिकेने विनापरवाना वृक्षतोडीचा गुन्हा नोंदवला, तर दिवाणी न्यायालयात आपली बाजू कशी दिसेल याची कल्पना करावी. या कायद्यात दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे. अर्जासोबत छायाचित्र आणि घरापासूनचे अंतर द्यावे, ‘धोकादायक’ हा शब्द स्पष्ट लिहावा आणि झाड अधिक कलल्यास अग्निशमन दलाला 101 वर कळवावे.

नोटीस वकिलामार्फत देणार असाल तर वकिलाचे नाव आणि पत्ताही तीत लिहावा लागतो, तसेच आपला राहण्याचा पूर्ण पत्ता. भिंतीचा अंदाज अभियंत्याच्या सहीचा असावा आणि मोटारीचा गॅरेजच्या शिक्क्याचा, आणि दोन्ही रकमा नोटिशीत आकड्यांत लिहाव्यात. मुदतीचा नोव्हेंबरातला शेवटचा दिवस दिवाळीच्या सुट्टीत आलाच, तर न्यायालय उघडल्याच्या दिवशी दावा दाखल करता येतो. परंतु त्या दिवशीच्या गर्दीत मुद्रांक, वकीलपत्र आणि पानांचे क्रमांक तपासून घ्यायला कोणालाही फुरसत नसते, म्हणून दाव्याची कागदपत्रे नोटीस देतानाच तयार करून ठेवावीत.