युरिया सेंद्रिय, मग सेंद्रिय शेतीत बंदी का?

प्रश्न थोडक्यात असा : शाळेत असेंद्रिय म्हणजे निर्जीव असं शिकवलं. मग रसायनशास्त्रात युरिया सेंद्रिय संयुग आणि कृषी सेवा केंद्रात तोच रासायनिक खत, हे कसं?

ही शाळेतली व्याख्या १८२८ पासूनच डळमळीत आहे. सजीवांतले पदार्थ घडायला 'जीवनशक्ती' लागते, असं तोवर मानत. बर्लिनमध्ये रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिख व्होलर अमोनियम सायनेट करायला गेला आणि हाती आला युरिया, लघवीत असतो तोच. मूत्रपिंडाशिवाय युरिया करता येतो, असं त्याने त्याचा गुरू, स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसला कळवलं. जीवनशक्तीची कल्पना लगेच संपली नाही, पण पुढे पदार्थ कुठून आला यापेक्षा त्याच्या रेणूची घडण महत्त्वाची ठरली.

आता ढोबळमानाने कार्बनची संयुगं सेंद्रिय, बाकी असेंद्रिय. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात 'कार्बनी संयुगे' म्हटलंय, ते मला जास्त पटतं. अपवाद मात्र पाठच करावे लागतात : कार्बन डायऑक्साइड, कार्बोनेटं, सायनाइडं असेंद्रियात. 'कार्बनला हायड्रोजन जोडलेला हवा' हा क्लासवाल्यांचा नियमही युरियाला लागू पडत नाही. त्यात हायड्रोजन नायट्रोजनला चिकटलेला असतो. गोगलगाय जिवंत, पण तिचा शंख मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे असेंद्रिय.

शेतीतला 'सेंद्रिय' वेगळाच. तिथे माल कुठून आला, कसा तयार झाला हे बघतात. कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून केलेला ४६ टक्के नत्राचा (नायट्रोजनचा) युरिया प्रमाणित सेंद्रिय शेतीत चालत नाही. उलट खाणीतला रॉक फॉस्फेट (स्फुरदयुक्त खडक) पक्का असेंद्रिय, तरी अटींवर चालतो.

दोन्ही अर्थांची गाठ पडते ती माती परीक्षणाच्या अहवालात. 'सेंद्रिय कर्ब' (म्हणजे सेंद्रिय कार्बन) आणि 'मुक्त चुनखडी' (म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट) असे दोन वेगळे आकडे असतात. कार्बन दोन्हीत आहे. प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब मोजायला मातीवर डायक्रोमेट हे ऑक्सिडीकरण करणारं रसायन आणि गंधकाम्ल घालतात. कुजलेल्या पालापाचोळ्यातल्या कार्बनचं ऑक्सिडीकरण होतं, चुनखडीतल्याचं आधीच पूर्ण झालेलं असल्याने तो मोजणीत येत नाही. म्हणून चुनखडीच्या रानात कार्बन भरपूर असूनही सेंद्रिय कर्ब कमी दिसू शकतो. अशा मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकलेत तर फसफसेल. तो निघणारा वायू, कार्बन डायऑक्साइड, असेंद्रिय कार्बनचा.