आधी म्हणून बघ

दादर, मुंबई

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला तुकारामांच्या अभंगाचा हिंदी अनुवाद चारदा वाचला. अर्थामध्ये कुठे चूक नाही. मग मोठ्याने म्हणायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीत दम लागला.

‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया’ हे बोटांवर मोज. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं. ‘मोठा अभंग’ म्हणतात त्या छंदाचा हाच साचा. बोलताना आपण ‘सुंदर्’, ‘ध्यान्’ म्हणतो. अभंगात त्या ‘र’ला आणि ‘न’ला पूर्ण अक्षराचा मान आहे, नाहीतर सहा भरतच नाहीत. विटेवरी-कटावरी हे यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत जुळतं. चौथा चरण यमकाबाहेरचा, दोन अक्षरांनी तोकडा. तिथे गाणाऱ्याला श्वास मिळतो, टाळाला जागा मिळते. विठोबाचं ते निवांत उभं राहणं मला त्या न उच्चारलेल्या दोन अक्षरांत ऐकू येतं. तू तिथे ‘दोनों हाथ कमर पर रखकर खड़े हैं’ लिहिलंस. सगळं सांगितलंस, पण ती जागा बुजवलीस.

माझ्याकडूनही हे झालंय. पहिला अनुवाद छापून आल्यावर तो मोठ्याने वाचला तो थेट लोकांसमोर, आणि आपलीच ओळ आपल्याला म्हणता येत नाही हे तिथे कळलं. अजून टोचतं ते.

सहा-सहा-सहा-चार हिंदीत आणच, असं मी म्हणत नाही. यमकाच्या मागे तर मुळीच लागू नकोस. शेवटचं पाऊल मात्र आखूड पडू दे. कवी दिलीप चित्र्यांनी तुकारामही इंग्रजीत नेला आणि नामदेव ढसाळही; एकाचा चरण मोजलेला, दुसऱ्याची ओळ कामाठीपुऱ्याच्या बोलीत मोकाट धावणारी. दोघांसाठी एकच कान पुरला नसणार.

एखाद्या सकाळी भजनी मंडळ असलेल्या लोकलच्या डब्यात चढ. वही काढू नकोस. टाळ कुठे दाबून वाजतो, कुठे मोकळा सुटतो, तेवढंच ऐक. आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराच्या रांगेतही उभा राहा. तिथे तोच अभंग वेगळ्या चालीत ऐकशील, पण चौथ्या चरणाला सगळे थांबतात.

नवा खर्डा कागदावर नको. पंखा बंद कर, फोनवर म्हणून रेकॉर्ड कर आणि तो पाठव.

तुझी,
बाई