चकव्यासाठी द्राक्षबाग

प्रिय दोस्ता,

तुझी यादी वाचली. सात मिनिटांच्या फिल्ममध्ये पछाडलेला वाडा, पिसाट खुनी, पिंपळावरचा मुंजा, रात्री वाट चुकवणारा चकवा आणि शेवटी सगळं स्वप्न! यातलं एकच ठेव. स्वप्न तर आजच काढून टाक.

भयपटाचा प्रकार निवडताना तो फसला तर काय दिसेल, हे आधी बघ. खुनाखुनीची फिल्म फसली की रक्त सरबतासारखं दिसतं आणि पोरं हसतात. ‘सापडलेलं फुटेज’, म्हणजे जणू पात्रानेच टिपलेली फिल्म, स्वस्त वाटतं, पण जीव घेऊन पळणारा माणूस हातातला कॅमेरा का टाकत नाही, याचं उत्तर पटकथेत द्यावं लागतं. रामकुंडावरची दशक्रिया तर लपूनछपून मुळीच टिपू नकोस, ते कुणाच्या तरी घरचं दुःख आहे. तुझ्याकडे दोन नट, एक मोबाइल आणि मामांची निफाडची द्राक्षबाग आहे. माझं मत चकव्याला.

चकव्याला चेहरा नसतो, म्हणजे मेकअपचा खर्च वाचला. माणूस रात्रभर चालतो आणि फिरून तिथेच येतो, बस. बागेत साधारण नऊ-नऊ फुटांवर सारख्या ओळी, तेच खांब, त्याच तारा. महिना मात्र बघून घे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डिसेंबरपर्यंत मांडव पानांनी भरतो आणि खाली बोगदा होतो. एप्रिलच्या खरडछाटणीनंतर नुसते ओलांडे, म्हणजे वेलीचे जाड हात, आणि तारा उरतात, सांगाडाच. जानेवारीत पारा फार उतरला तर पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. त्या धुरात टॉर्चचा झोत दिसतो, फॉग मशीनचं भाडं वाचतं. घड भरलेल्या बागेत चारच जण ने, फवारणी कधी झाली ते विचार, आणि बिनकठड्याच्या विहिरीकडे रात्री फिरकू नकोस.

गोष्टीसाठी भयपट बघत बसण्यापेक्षा वस्तीवरच्या म्हाताऱ्यांकडे जा. ‘भूत पाहिलंत का?’ असं विचारलंस तर ऐकीव किस्सेच हाती लागतील. ‘रात्री पाणी भरायला जाताना कुठली वाट टाळता?’ असं विचार. शेतीची लाइट रात्रीची असली की मोटार चालू करायला जावंच लागतं. तुझा नायक एवढ्या रात्री तिथे कशाला गेला, हा भयपटातला सगळ्यात अवघड प्रश्न तिथेच सुटतो.

आता फेऱ्या. एकाच खांबाजवळून नायक चार वेळा जाईल. खांबाला खताची रिकामी गोणी बांध. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली फक्कीच्या खुणा कर, उंची वहीत लिही, फोकस आणि एक्स्पोजर लॉक कर. दुसऱ्या फेरीत काहीच बदलू नकोस. तिसऱ्या फेरीत गोणी तिथेच, पण भरलेली. चौथ्या फेरीत गोणी सुटलेली आणि रिकामी. दर फेरीत टॉर्चचा कोन किंवा फ्रेम हलली, तर गोणीतला बदलही प्रेक्षकाला तुझी चूकच वाटेल.

मोठे शॉट सूर्यास्तानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत घे. पूर्ण अंधारात मोबाइल नुसते दाणे दाखवतो. तेवढ्या वेळात चारही फेऱ्या बसणार नाहीत, तेव्हा दोन संध्याकाळी धर आणि टॉर्चचे क्लोजअप नंतर उरक. मोटारीच्या खोलीतला बल्ब लुकलुकत दिसला तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद कर, आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

आवाजात कंजूषपणा नको. सगळ्यांना गप्प उभं करून बागेचा एक मिनिट आवाज घे, माइकला फोम लाव. तिसऱ्या फेरीत रातकिडे एकदम बंद कर. संगीत तिथे घालायचा मोह होईल, घालू नकोस.

पटकथा सात पानांच्या वर गेली तर मला पाठवायच्या आधी काप. चार फेऱ्यांची रेखाटनं मात्र रविवारपर्यंत हवीत, गोणीसकट.

तुझा,
सर