वाचक विचारतात: पार्किंगचा चिखल आणि काम बंदची नोटीस

प्रश्न: नमस्कार, आम्ही सेंट्रल जर्सीत राहतो. आमच्या मंडळाने कार्यक्रमांसाठी एक जुना हॉल घेतलाय आणि मागच्या मोकळ्या जागेत साधारण 18,000 स्क्वेअर फुटांचं पार्किंग करायचंय. कॉन्ट्रॅक्टरने झाडंझुडपं काढून जमीन सपाट केली, त्याच आठवड्यात धो धो पाऊस आला आणि सगळा चिखल रस्त्यावर. त्याच्या माणसांनी होज लावून रस्ता धुतला, तर दुसऱ्या दिवशी काम बंद करायची नोटीस! आमच्यातल्या एकाने मध्ये घर बांधलं तेव्हा त्याला कुणी असलं काही विचारलं नव्हतं. मग आम्हालाच का? आणि साधी माती, तिला पोल्युशन कसं म्हणतात?
– कमिटीतला एक मेंबर

उत्तर: तुमच्या मित्राचं खरंय पण ते तुम्हाला लागू नाही. न्यू जर्सीत 1975 पासून मातीची धूप रोखायचा कायदा आहे, 5,000 स्क्वेअर फुटांपेक्षा जास्त जमीन उकरायची असेल तर आधी धूप कशी रोखणार याचा प्लॅन करून सॉइल कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्टकडून (मातीची धूप रोखायचं काम बघणारं स्थानिक सरकारी ऑफिस) सर्टिफाय करून घ्यावा लागतो. सुटं एकच घर बांधणाऱ्याला यातून सूट असते, पार्किंग लॉटला नाही. मंडळ ना-नफा आहे वगैरे सांगून काही उपयोग नाही. दंड दिवसाला 25 ते 3,000 डॉलर, आणि जितके दिवस चालू राहील तितके वेगळे गुन्हे धरतात, त्यामुळे नोटीस आल्यावर "बघू पुढच्या मीटिंगला" असं करू नका प्लीज.

आता माती. रस्त्याकडेच्या कॅच बेसिनमध्ये (पावसाचं पाणी जायचा जाळीचा खड्डा) गेलेलं पाणी बहुतेक ठिकाणी पाणी शुद्ध करायच्या कुठल्याही प्लांटमध्ये जात नाही, थेट ओढ्यात आणि पुढे रॅरिटनसारख्या नदीत जातं, ज्या नदीचं पाणी पिण्यासाठीही उचलतात. बारीक चिकणमाती लवकर खाली बसत नाही, पाणी गढूळच राहतं, माशांची अंडी गाळाखाली गुदमरतात, आणि मातीला चिकटलेला फॉस्फरस सोबत जातो तो वेगळाच, त्यावर शेवाळ माजतं. म्हणून रस्ता होजने धुणं हीच सगळ्यात मोठी चूक, चिखल तुम्ही स्वतःच्या हाताने नदीत ढकलला. फावड्याने उचलायचा, झाडून घ्यायचा, आणि साइटवर परत टाकायचा.

पुढे काय करायचं? इंजिनियरकडून प्लॅन काढून फी भरून डिस्ट्रिक्टला द्या. अर्ज पूर्ण असेल तर 30 दिवसांत निर्णय द्यायचा असतो, अर्धवट कागद दिले तर ते दिवस मोजायलाच सुरुवात होत नाही. तोपर्यंत जमीन उघडी ठेवू नका, डिस्ट्रिक्टला विचारून पेंढा पसरून घ्या.

साइटवर गाळ अडवायला जी काळी कापडी सिल्ट फेन्स लावतात ती बऱ्याच ठिकाणी नुसती शोभेला असते. खालची कड साधारण सहा इंच जमिनीत पुरलेली हवी, नाहीतर पाणी खालून निघून जातं. उताराला आडवी लावायची, आपल्याकडे कोकणात उतारावर बांध घालतात तशीच. गाळ अर्ध्या उंचीपर्यंत साचला की काढायचा. गेटवर मोठ्या दगडांचा पट्टा, निदान 50 फूट लांब, म्हणजे ट्रकच्या चाकांची माती तिथेच झडते. कॅच बेसिनच्या जाळीखाली फिल्टर बॅग, पण भोक प्लायवूडने बंद करू नका, पाणी तुंबून शेजाऱ्याच्या बेसमेंटमध्ये जाईल आणि मग त्यांच्या वकिलाची नोटीस येईल. कर्बचं काँक्रीट ओतलं की ट्रक धुवायला खड्डा वेगळा करा, सिमेंटचं पाणी माशांना मातीपेक्षा वाईट.

हे सगळं जमीन उकरायच्या आधी लावायचं असतं, कॉन्ट्रॅक्टर नेहमी नंतर लावतात. त्याच्याशी केलेल्या करारात याची जबाबदारी कुणाची ते वाचा, लिहिलेलं नसेल तर आता लिहून घ्या, कारण नोटीस जमीनमालकालाही येते. आणि डिस्ट्रिक्टने सगळं नीट झालंय असं कळवल्याशिवाय टाउनशिप सी.ओ. (जागा वापरायला सुरुवात करायचं सर्टिफिकेट) देत नाही, म्हणजे गणपतीची तारीख आधी जाहीर करू नका.

शेवटी एक, मागची उरलेली जागा पुढच्या टप्प्यात उकरायचा विचार असेल तर दोन्ही टप्प्यांची बेरीज धरतात. एकूण एक एकर, म्हणजे 43,560 स्क्वेअर फूट, झाले की राज्याचं स्टॉर्मवॉटर (वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याचं) परमिट वेगळं लागतं आणि दर आठवड्याला तपासणी करून नोंद ठेवावी लागते. इंजिनियरला पूर्ण नकाशा आत्ताच दाखवा.