दोन भोकं म्हणजे दोन माइक नव्हेत

प्रश्न : मी घरी गाण्याचे क्लास घेते. विद्यार्थिनींना सरावासाठी बंदिशी रेकॉर्ड करून द्यायच्या आहेत. मी पेटीवर गाते, मिस्टर तबल्याची साथ करतात. मोबाइलवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पेटी गळ्यावर चढते आणि बायां आला की आवाज फाटतो. लॅपटॉप आहे, भजनी मंडळाचा एक माइकही घरात पडून आहे. लॅमिंग्टन रोडला एका दुकानदाराने माइक लॅपटॉपला जोडणारं काही शे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड पुढे केलं. भाचा म्हणतो, स्कारलेट सोलो घे. माझं बजेट दहा हजार आहे. काय घेऊ?
– एक गायनशिक्षिका, नेरूळ

उत्तर : ताई, ‘७.१’ छापलेलं ते पेनड्राइव्हएवढं कार्ड दुकानातच राहू द्या. त्यात जाते ती बारीक, साडेतीन मिलिमीटरची पिन, म्हणजे कॉल सेंटरवाले लावतात तसल्या हेडफोनच्या माइकची. ऑनलाइन मीटिंगला ठीक आहे. मंडळाचा माइक त्याला जोडलात तर आवाज कमी आणि सूं-सूं जास्त येईल. त्याचाच चुलतभाऊ म्हणजे ते रंगीत बटणांचं व्ही-८. एक बटण दाबलं की टाळ्या, दुसरं दाबलं की हशा. आलापानंतर टाळ्या हव्याच असतील, तर तुमच्या विद्यार्थिनी आहेतच की.

भाच्याने सांगितलेलं सोलो हे चांगलं कार्ड आहे, पण तुमच्या कामाचं नाही. त्यावर दोन इनपुट दिसतात, म्हणून दोन माइक लागतील असं गिऱ्हाइकाला वाटतं आणि नौपाड्यातल्या माझ्या खोलीत महिन्याला एखादा तरी तेच विचारत येतो. दोनांपैकी माइकचं इनपुट एकच. दुसरं गिटारसाठी किंवा कीबोर्डमधून येणाऱ्या, आधीच जोरकस असलेल्या आवाजासाठी असतं, त्याला ‘लाइन’ म्हणतात. माइकचा क्षीण आवाज वर उचलणारा प्रीअँप त्याच्या मागे नसतो. बेहरिंगर कंपनीच्या यूएम २ कार्डाचीही हीच गत. तेव्हा दुकानात ‘किती इनपुट’ असं विचारू नका, ‘एका वेळी किती माइक चालतील’ असं विचारा. तुम्ही दोघं एकत्र बसणार, म्हणजे उत्तर किमान दोन यायला हवं.

तुमच्या पैशांत मी बेहरिंगर यूएमसी २०२ एचडी घेईन. दोन्ही इनपुटना प्रीअँप आहे, कंडेन्सर, म्हणजे कार्डाकडून वीज लागणाऱ्या नाजूक माइकसाठी ४८ व्होल्ट आहेत, वेगळा अडॅप्टर लागत नाही, लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतं. किंमत साधारण दहा हजारांच्या आसपास, दुकानागणिक थोडी इकडेतिकडे. एम-ऑडिओच्या एम-ट्रॅक ड्युओलाही दोन माइक लागतात, पण ते १६ बिटचं आहे आणि हे २४ बिटचं. बिट जास्त, तितकं आवाजाचं मोजमाप बारीक. बाकी कुठल्याही आकड्यासाठी मी वाद घालणार नाही, बिटसाठी घालेन. तबल्याची एखादी थाप अचानक उसळते. २४ बिटला लेव्हल खाली ठेवून ध्वनिमुद्रण करता येतं आणि नंतर आवाज वाढवला तरी तळाची खरखर फारशी वर येत नाही. सर्वांत जोरकस थाप सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील (शून्याला आवाज फाटतो) इतकाच गेन, म्हणजे कार्डावरचं माइकचा आवाज वाढवणारं बटण, ठेवा, फाटणं थांबेल. स्कारलेटचं दोन माइकवालं टू-आय-टू उत्तमच आहे, पण ते तुमच्या बजेटबाहेर जातं.

आता त्या मंडळाच्या माइकची वायर बघा. दुसऱ्या टोकाला जाड, एकुलती पिन आहे ना? बाजारात तिला पी-३८ म्हणतात. ॲम्प्लिफायरला तीच लागते. या कार्डाच्या भोकात ती बरोब्बर बसते आणि घोटाळा तिथेच होतो. भोक एकच दिसत असलं तरी आत दोन वाटा आहेत. तीन काट्यांची एक्सएलआर पिन लावली तर आवाज माइकच्या प्रीअँपमधून जातो, पी-३८ लावली तर लाइनच्या वाटेने. मग गेन पूर्ण फिरवला तरी आवाज कुजबुजल्यासारखाच येतो आणि माणूस ‘कार्ड डिफेक्टिव्ह आहे’ म्हणून परत करायला निघतो. माइकच्या बुडाशी तीन काटे दिसत असतील, तर दोन्हीकडे एक्सएलआर असलेली वायर आणा, काही शे रुपयांत मिळते. वायर माइकमध्येच पक्की असेल, तर तो माइक मंडळाला परत करा.

बजेट कार्डातच संपणार, म्हणून दुसरा माइक सध्या कुणाकडून मागून आणा. साधा डायनॅमिक, म्हणजे वीज न लागणारा, चालेल. कंडेन्सरच्या मोहात पडू नका. तो शेजारच्या मिक्सरपासून खालच्या रिक्षाच्या हॉर्नपर्यंत सगळं टिपतो, शिवाय पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून सांभाळावा लागतो.

पेटी गळ्यावर चढते त्याचं कारण मोबाइल पेटीवर किंवा शेजारी ठेवलेला असतो. गाण्याचा हा माइक समोरून आवाज घेतो, पाठीमागून फार कमी. म्हणून तो हनुवटीच्या जरा खाली, तोंडापासून वीतभर लांब, वर तोंडाकडे रोखून लावा. म्हणजे त्याची पाठ आपोआप पेटीकडे होते. तरीही पेटी त्यात पुरेशी येते, तिला वेगळा माइक नको. दुसरा माइक दायां-बायांच्या मधोमध, दोन विती वर. दोघांनी समोरासमोर बसा, शेजारी-शेजारी नको, म्हणजे तबल्याच्या माइकचीही पाठ तुमच्याकडे राहील. पंखा बंद. तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर एखादी जाड गोधडी टांगा, कारण समोरून आलेला आवाज त्याच भिंतीवर आपटून माइकमध्ये शिरतो. सोप्या बंदिशी आधी उरकून घ्या. पंखा बंद करून ख्याल गायला नेरूळच्या मे महिन्यात धीर लागतो.

तानपुरा ॲपवरून लावत असाल तर तो कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनमध्ये ऐका आणि कार्डावरचं ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण दाबा. तुमचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात येईल.

प्रश्न : इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, अँपचा (गिटारच्या ॲम्प्लिफायरचा) आवाज सॉफ्टवेअरमधून घेतो. तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो. १९२ किलोहर्ट्झचं कार्ड घेतलं तर सुटेल का?
– एक विद्यार्थी, घोडबंदर रोड

उत्तर : नाही. १९२ किलोहर्ट्झ म्हणजे कार्ड सेकंदाला एक लाख ब्याण्णव हजार वेळा आवाज मोजतं. त्यामुळे तुमची हार्ड डिस्क मात्र भरेल. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका स्टिरिओ मिनिटाला साधारण १७ एमबी लागतात, १९२ वर त्याच्या चौपट. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि ते टिपायला ४८ पुरतं.

उशीर होतो तो बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी लॅपटॉप त्याची मापं जिथे साठवतो ती जागा) आणि ड्रायव्हर (कार्ड आणि लॅपटॉप यांना जोडणारं सॉफ्टवेअर) यांमुळे. विंडोजवर कार्डाच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (कमी उशीर लावणारा) ड्रायव्हर टाका आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा. बफर १२८ मापांचा ठेवा, म्हणजे ४८ वर जेमतेम २.७ मिलिसेकंद. आवाज आत जायचा, बाहेर यायचा आणि कार्डाचा स्वतःचा वेळ धरून एकूण दहाच्या आत राहिलात तर बोटांना कळत नाही. हवेतून आवाज दहा मिलिसेकंदांत साडेतीन मीटरच्या आसपास जातो. स्टेजवर अँपपासून इतक्या लांब उभं राहून लोक आरामात वाजवतात. कडकड ऐकू आली तर २५६ करा. कार्ड म्हणाल तर एकटे वाजवणार असाल तर वरच्या ताईंना मी नको म्हटलेलं सोलो तुम्हाला अगदी चालेल. त्यातलं गिटारचं इनपुट तुमच्यासाठीच आहे.

प्रश्न : नवं कार्ड घेतलं, पण रेकॉर्डिंगमध्ये सतत घूंऽऽ असा आवाज आहे. कार्ड बदलू का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : आधी लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर मिनिटभर रेकॉर्ड करा. आवाज गेला तर कार्ड निर्दोष आहे, विजेची ५० हर्ट्झची घरघर चार्जरमधून आत येते आहे. चार्जर तीन पिनांचा असेल आणि तुम्ही तो दोन पिनांच्या एक्स्टेन्शनमध्ये खुपसला असेल, तर तो थेट भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला लावा. तरीही आला तर वायरमनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. आवाज जातो म्हणून कुणी अर्थची पिन तोडायला सांगेल, ते अजिबात करू नका, शॉक बसेल. बॅटरीवरही घूं राहिली तर माइकची वायर बदलून बघा. त्यानंतरही तसंच असेल, तर वॉरंटी कार्ड शोधा.