गल्लीतले उंबर

प्रश्न : माझे बालपण खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या वाटेवरच्या एका गावात रानाच्या सोबतीने गेले. आता वयाच्या ६८व्या वर्षी मी बेळगावात शहापूरला मुलाकडे राहते. गुडघ्यांमुळे जांबोटीपलीकडच्या रानात जाणे होत नाही. सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालून येते, पण मन घरकामातच गुंतलेले असते आणि पक्ष्यांची नावेही मला ठाऊक नाहीत. निसर्गाशी जुने नाते अशाने पुन्हा जुळेल का?
– एक वाचक भगिनी, शहापूर

उत्तर : जुळेल. लहानपणी त्याच वाटेने आपण वर्षानुवर्षे गेलात, म्हणून ते रान आपल्या ओळखीचे झाले. तशीच ये-जा आता एखाद्या झाडापाशी करावी.

मी उंबर सुचवीन, कारण दत्ताच्या देवळापाशी किंवा जुन्या विहिरीजवळ ते बहुधा सापडतेच. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. परंतु ते फूल दुर्मीळ नसून झाकलेले असते. खोडालाच लगडलेले हिरवे फळ अलगद उघडले, की आतल्या बाजूने दाटलेली शेकडो बारीक फुले दिसतात. टोकाच्या इवल्याशा छिद्रातून केंबर नावाच्या बारीक किड्याची मादी आत शिरते, फुलांवर पराग पोचवते आणि तिथेच अंडी घालते. पुढे आत वाढलेल्या नव्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात बाहेर पडतात. उंबर फोडून केंबरे काढू नयेत, असे आपण जुन्या भांडणांविषयी म्हणतो, पण झाडाखाली पडलेले एखादे उंबर जरूर फोडून पाहावे. हे प्रथम पाहिले त्या दिवशी मी कितीतरी वेळ तिथेच उभा होतो.

मन घरकामाकडे धावेल, त्याचा त्रास करून घेऊ नये. अशा वेळी कानांची मदत घ्यावी. उन्हाळ्यात तांबट पक्षी ‘टुक्‌ टुक्‌’ असा एकसुरी आवाज काढत राहतो, आणि तो मान वळवीत ओरडत असल्यामुळे आवाज कधी इकडून, कधी तिकडून आल्यासारखा वाटतो. उंबर, वड, पिंपळ यांची फळे त्याला प्रिय असतात. तो नेमका कोणत्या फांदीवर आहे हे शोधण्यात दहा मिनिटे सहज जातात आणि तेवढा वेळ मन दुसरीकडे जात नाही. नावांची घाई नसावी. रंग, चोच, बसण्याची ढब लक्षात राहिली, की नाव पुढे कोणीही सांगेल.

एक साधी वही ठेवावी आणि शेतकरी नक्षत्रे धरून चालतात तशी नोंद करावी. वळवाचे ढग दुपारी कोणत्या बाजूने आले, येळ्ळूरच्या शिवारात भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली पेरणी, सुरू असताना उंबराची पालवी कशी होती, मृगात वारा पश्चिमेचा कधी झाला, इतके दोन ओळींत लिहिले तरी चालते. वर्षभराने मागची पाने उलटताना आपल्यालाच नवल वाटेल.

शेजारी एखादी कानडी भगिनी असल्यास तिलाही सोबत न्यावे. ती या झाडाला ‘अत्ती’ म्हणेल आणि तिच्या माहेरच्या अत्तीविषयी आपल्याला कदाचित पुष्कळ सांगेल.